पंचेचाळीस मिनिटांचं विमान

निवृत्तीनंतर बऱ्याच केसेस डोक्यातून गेल्या. ही जात नाही, कारण तिच्यात चूक माझी होती.

तेव्हा मी तापीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. प्रकाशा गावाजवळ दोन चुलत भावांत शेताच्या बांधावरून जुनं वैर होतं. एका सकाळी कोणीतरी धाकट्याला मोटारीने मुद्दाम धडक दिली. दोन्ही पाय मोडले. गाडी थोरल्याची, हे त्याने ओळखलं; पण काळ्या काचांमुळे चालवणारा दिसला नाही.

थोरला स्वतःहून ठाण्यात आला. "साहेब, मी त्या येळे इमानमा व्हतू. गाडी ड्रायव्हरकडे व्हती." म्हणे, खान्देशातल्या एका विमानतळावरून गुजरातेतल्या दुसऱ्यावर गेला; दोन्ही लहान. त्याने इंटरनेटवरून काढलेला कागदच टेबलावर ठेवला. दोन विमानतळांमधलं अंतर, आणि खाली प्रवासाचा वेळ, पंचेचाळीस मिनिटं. तिकीट म्हणे हरवलं. छापील कागद पाहिला की आम्हा सरकारी माणसांची मान आपोआप हलते. मी तो आकडा केस डायरीत उतरवला.

ड्रायव्हर धडगावच्या डोंगरातला आदिवासी तरुण. तो एकच सांगत होता, "साहेब, माझी सुट्टी होती. मी घरी होतो. गावात विचारा."

त्याच्या गावाला जायचं म्हणजे घाट, अडीच तास जायला आणि तेवढेच यायला. म्हटलं, उद्या जाऊ. त्याला अटक केली, कोर्टाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. दुसऱ्या दिवशीही मी 'उद्या'च म्हटलं.

तिसऱ्या दिवशी प्रकाशाच्या एका चहावाल्याचा फोन आला. "साहेब, गाडी मालकच चालाडी ऱ्हायना व्हता. पन मन्हा जबाब नका ल्या." थोरला त्या सकाळी त्याच गाडीतून त्याच्या टपरीवर उतरला होता; पण जबाब द्यायला चहावाला तयार नव्हता.

मी थोरल्याच्या घरी गेलो. तो शेतात होता. त्याच्या आईने चहा ठेवला. मी सहज म्हटलं, "मावशी, मुलगा विमानातून फिरून आला म्हणे. फोटो तर दाखवा."

म्हातारी हसायलाच लागली. "इमानमा? हाऊ कव्हय बसना इमानमा? बसता ते सारं गाव वाटे लावाले जातं, भाऊ!"

चहा तसाच राहिला. खरंच, आमच्या भागात माणूस पहिल्यांदा विमानात बसणार असला की आधी नारळ फुटतो, मग मोबाइलवर फोटो पडतात. हा गुपचूप कसा गेला? ठाण्यात येऊन दोन्ही विमानतळांना फोन लावला. त्या दोघांमध्ये विमानसेवाच नव्हती. कागदावरचा वेळ संगणकाने नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेला. थोरल्याला समोर बसवून विचारलं, "विमानात चढायच्या आधी काय काय तपासतात?" तो म्हणाला, "तिकीट फाडतस." ओळखपत्र, बॅगेची तपासणी यांचं नावही नाही. पुढच्या अर्ध्या तासात त्याने सगळं कबूल केलं.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी कोर्टात दिला. तो सुटला, तेव्हा सरकारी जीपने मीच त्याला घरी सोडायला गेलो.  अंगणात शेजारी जमले. न विचारताच एकाने सांगितलं, त्या दिवशी हा आमच्याबरोबर छपरावर कौलं चढवत होता.

घरात शिरताना तो मागे वळून म्हणाला, "साहेब, एवढंच लांब होतं."

मालकाने मला फसवलं, असं मी कधी म्हणत नाही. आळस माझा होता. कोठडीतल्या तीन रात्री ड्रायव्हरने काढल्या.