रवी फुगडीतून उठला तो दिवस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका.

मी मालवणला अकरावी-बारावीला समाजशास्त्र शिकवते. दरवर्षी तो धडा येतो. बाई कशी असावी, पुरुष कसा असावा, हे कुणी पोटातून शिकून येत नाही. घर, शेजार, शाळा शिकवतात. मुलं माना डोलावतात. मी फळ्यावर ‘समाज’ असं लिहिते आणि खडू ठेवून देते. समाज म्हणजे नक्की कोण, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर?

मिठबावला आमच्या वाडीत चतुर्थीच्या दिवसांत दुपारी घरोघर फुगड्या रंगतात. खेळ बायकांचा, पण माझा धाकटा भाऊ रवी लहानपणापासून त्यात असायचा. आणि काय खेळायचा! गाणं त्यानेच उचलायचं, बायकांनी मागून म्हणायचं. मिसरूड फुटायला आलं तरी काकी त्याला हाताला धरून न्यायच्या. “रवी खंय आसा? तेच्याशिवाय सुरवात नको गो!”

मला कुणी शोधत नसे. दोन गिरक्यांत मला धाप लागायची, ठेका चुकायचा. मुलगी तर मी होते ना? मग कौतुक त्याचं का? — जळत होते मी. दुसरा शब्द नाही.

त्या वर्षी आमच्याच खळ्यात, घरापुढच्या अंगणात, फुगडी ऐन रंगात आली होती. मी आत गेले. बाबा गणपतीपुढे वाती करत बसले होते. म्हटलं, “बाबा, रवीक लोक हसतत. बायलो म्हणतत.”

एवढंच. बाबा वाईट नव्हते, पण भित्रे होते — लोकांना भिणारे. त्यांनी बाहेर जाऊन त्याला सगळ्यांदेखत दंडाला धरून उठवलं. दुसऱ्या दिवशी “लोक हसतत तुका” म्हणत त्याचे केस बारीक कापले. मग सुट्टी लागली की मामाच्या होडीवर. चालताना हात हलवायचे नाहीत, रडायचं नाही, आवाज जड काढायचा. रवी शिकला. सगळं शिकला. आज त्याच्या नुसत्या खाकरण्याने घरातली मुलं गप्प होतात. काकींशी तो कामापुरतंच बोलतो. फुगड्या सुरू झाल्या की उठून मागे माडांत जातो.

यंदा मी चहा घेऊन त्याच्यामागे गेले. खळ्यातलं गाणं तिथवर ऐकू येत होतं. माझ्याकडे न बघताच त्याने विचारलं, “बाय, तेवा कोण हसललो गो?”

केस पिकायला लागलेला माणूस — आणि अजून हेच?

“माका याद नाय,” म्हटलं. कप ठेवला आणि परत आले.

याद आहे. कुणीच हसलं नव्हतं. वाडीत एकाही माणसाने त्याला तसं म्हटलं नव्हतं. तो शब्द मी आणला, आणि लोकांच्या नावावर खपवला.

इतकी वर्षं तो वाडीतला एकेक चेहरा संशयाने आठवून बघतोय. त्यात माझा नाही.