माझ्या नावावरचं लाल कार्ड

"वाक," शेट म्हणाले.

मी वाकलो. समोर रेफरीचे बूट होते. काळे, नुकतेच पुसलेले, पण शिवणीत लाल माती तशीच. मी त्या बुटांना हात लावला, उभा राहिलो आणि माईकवर म्हणालो, "माझ्याकडून चूक झाली. मला माफ करा."

टाळ्या वाजल्या.

रेफरींच्या वरच्या ओठाला दोन टाके होते. मी वाकलो तेव्हा त्यांनी पाय जरासे मागे घेतले होते. त्यांना मी मारलेलं नव्हतं. त्यांनी तर मला त्या दिवसाआधी कधी पाहिलंही नव्हतं. ज्यानं मारलं तो माझ्याहून वीतभर उंच होता, दाढीवाला होता, आणि आदल्या संध्याकाळच्या एसटीनं त्याच्या गावी परत गेला होता. हे रेफरींना ठाऊक होतं. शेटना ठाऊक होतं. स्टेजवर अकरा पाहुणे होते, त्यातल्या निदान सहांना ठाऊक होतं. उरलेले पाच मोबाईल बघत होते.

मग रेफरींना शाल आणि नारळ दिला. मग शेटना शाल आणि नारळ दिला. नारळ बहुधा तोच होता. मला बसायला सांगितलं.

मी सतरा वर्षांचा होतो.

शेटच्या फुटबॉल क्लबात मी सहा वर्षं शिकलो होतो. रत्नागिरीच्या वरच्या अंगाला सड्यावर, उघड्या कातळावर, आमचा सराव चाले. कातळावर कोणी घसरून चेंडू काढत नाही. एकदा घसरलं की गुडघ्याची साल जाते आणि पंधरा दिवस पँट चिकटते. त्यामुळे आम्ही उभं राहून खेळायला शिकलो. चेंडू कुठे येणार ते आधी ओळखायचं, तिथे आधी जाऊन उभं राहायचं. सावंत सर हे शिकवत. ते कधी ओरडत नसत. क्लबच्या वार्षिक अहवालात आम्हाला 'मातीतून घडणारं भविष्य' म्हटलेलं असे. खाली शेटचा फोटो, आमच्या चौपट मोठा.

त्या वर्षीच्या स्पर्धेचा नियम सोपा होता. खेळाडू एकोणीस वर्षांखालचे आणि जिल्ह्यातलेच हवेत. आमच्या नावांची यादी गेली. ओळखपत्रं गेली. आणि स्पर्धेच्या चार दिवस आधी शेट सड्यावर आले. गाडीतून उतरले नाहीत, काच खाली केली.

"पोरांनो, मुंबईचे पाहुणे येतायत. यंदा चषक आपल्याच कपाटात पाहिजे. पाच जण बाहेरनं आणलेत. यादी तशीच राहील. खेळतील ते, नाव तुमचं लागेल. तुमचं काय जातंय?"

सावंत सर कातळाकडे बघत होते. त्या कातळात इतकं बघण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

"तुम्ही काय, क्लबचं भविष्य आहात," शेट म्हणाले आणि काच वर झाली.

भविष्याची बसायची सोय मैदानाच्या शौचालयाशेजारच्या पायऱ्यांवर केली होती. आम्ही पाच जण तिथे बसलो. टेबलावर ओळखपत्रं तपासणारा माणूस शेटच्याच ऑफिसातला. त्यानं माझ्या कार्डावरचा नववीतला फोटो पाहिला, समोरची दाढी पाहिली, आणि शिक्का मारला.

उपांत्य सामन्यात मी दोन गोल केले. भोंग्यावर चार वेळा माझं नाव घेतलं. मी पायरीवर बसून शेंगा खात होतो. माझ्या नावाचा माणूस छान खेळत होता, हे कबूल करायला हवं. फक्त तो घसरून चेंडू काढत होता. मी आयुष्यात कधी घसरलो नव्हतो. सहा वर्षांत मी जे शिकलो ते त्या मैदानावर कुठेच नव्हतं. माझं नाव तेवढं होतं.

शेटची काजू फॅक्टरी मैदानाला लागूनच. माझी आई तिथे काजू फोडायला बसे. वडील मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून ती तिथेच. काजूच्या टरफलात तेल असतं. ते कातडी जाळतं. आईच्या बोटांवर रेषा उरलेल्या नाहीत. रेशन दुकानातल्या मशीनला तिचा अंगठा लागत नाही. ती अंगठा ठेवते, मशीन नाही म्हणतं, ती पदराला पुसून पुन्हा ठेवते, मशीन पुन्हा नाही म्हणतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती येताना बटाटेवडे घेऊन.

"बाबू, भोंग्यावर तुझा नाव चार येळा घेतलानी! सगळ्या बायांनी ऐकला. मी म्हटला, माझा झील आहे तो."

मी वडा खाल्ला. दुसराही खाल्ला. खरं सांगितलं नाही. त्या दिवशी माझा अपमान कोणी केला असेल, तर तो आधी मी केला.

अंतिम सामन्यात माझ्या नावाच्या माणसानं रेफरींच्या तोंडावर ठोसा मारला. लाल कार्ड. भोंग्यावर माझं नाव घेऊन "मैदानाबाहेर" असं सांगितलं. मी मैदानाबाहेरच होतो. हुकमाचं इतकं तंतोतंत पालन त्या मैदानावर कोणी केलं नसेल.

चषक मात्र आला. तो आजही फॅक्टरीच्या ऑफिसात काचेच्या कपाटात आहे.

संध्याकाळी शेटनी बोलावून घेतलं. "उद्या बक्षीस समारंभात माफी मागून टाक. क्लबवर बालंट नको." त्यांनी चष्मा पुसला. "तुझी आई आमच्याकडेच आहे ना रे?"

"हो."

"बऱ्या बाई आहेत. सांभाळून घेतो आम्ही."

म्हणून मी वाकलो. आणि समारंभाच्या रिकाम्या खुर्च्या भराव्यात म्हणून फॅक्टरीतल्या बायकांना आणून बसवलं होतं. आई चौथ्या रांगेत होती.

घरी गेल्यावर तिनं एवढंच विचारलं, "मारलास त्याला?"

"नाही."

"मग वाकलास कशाला?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. वड्यांपासून. ती आपली बोटं बघत राहिली. "रेशनवाला मला म्हणतो, दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा लाव नि ने धान्य. मी नाय लावला कधी. चार हेलपाटे मारले, पण नाय लावला." मग ती उठली आणि भात लावला. त्या विषयावर ती पुन्हा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

महिन्यानं जिल्ह्याच्या संघटनेचा कागद आला. दोन वर्षं बंदी. त्यावर माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. गेलेल्या माणसालाही शिक्षेत धरलं होतं. निवड चाचण्यांचं माझं वय त्या दोन वर्षांत निघून गेलं. सावंत सर म्हणाले होते, "वेळ जाईल रे." त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

मी एका शाळेच्या ग्रंथालयात लागलो. पुस्तकांची नोंद ठेवतो, पानं चिकटवतो, उरलेल्या वेळात वाचतो. मोठ्या माणसांची चरित्रं बरीच वाचली. त्यातल्या प्रत्येकाला लहानपणीच अन्यायाची चीड आलेली असते आणि ते उठून बोलतात. मला बारा वर्षं लागली.

दोन वर्षांपूर्वी क्लबनं मला बोलावलं. आता धाकटे शेट अध्यक्ष आहेत. मैदानावर हिरवं कृत्रिम गवत आलंय, फाटकावर 'युवा विकास केंद्र' असा फलक आलाय. पंधरा वर्षांखालच्या मुलांना शिकवायला माणूस हवा होता. मी गेलो. पोरांसाठी गेलो, असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मला त्या मैदानावर एकदा स्वतःच्या नावानं उभं राहायचं होतं.

हिरवं गवत भाड्यानं खेळणाऱ्यांसाठी होतं. पोरं सड्यावरच शिकली. बावीस होती. त्यातला सुफियान चेंडूच्या आधी पोचायचा. त्याचे वडील कुवेतला ड्रायव्हर. सराव चालू असताना त्याची आई कधीमधी मोबाईल धरून उभी राहायची आणि वडील तिकडून बघायचे.

यंदाच्या स्पर्धेआधी धाकटे शेट ग्रंथालयात आले. वडिलांसारखे गाडीत बसून बोलले नाहीत. समोर खुर्ची ओढून बसले. माणूस शिकलेला आहे.

"सर, आपल्याला समतोल साधायचाय. शॉर्ट टर्म रिझल्ट आणि लाँग टर्म डेव्हलपमेंट. प्रायोजक येतायत. यंदा जिंकलो तर पुढे याच पोरांसाठी करता येईल. आठ पोरांची ओळखपत्रं द्या. पोरं काय, पुढच्या वर्षी खेळतील."

शॉर्ट टर्म म्हणजे तीन दिवस. लाँग टर्म म्हणजे काय, ते त्यांच्या समोर बसलं होतं.

कार्डं माझ्या कपाटात होती. किल्ली खिशात होती. मी म्हणालो, "देणार नाही."

ते हसले. "आई अजून येतात ना आमच्याकडे?"

तेच वाक्य. वडिलांच्या इस्टेटीत तेही आलं असावं.

"येतात. कार्डं देणार नाही."

मला वाटलं, झालं. हेच ते उठून बोलणं, चरित्रांतलं. दोन दिवसांत कळलं की माझ्या किल्लीची कोणाला गरजच नव्हती. क्लबनं आठ घरी फोन केले आणि आठही घरांनी दुसऱ्या प्रती नेऊन दिल्या. पोराला काढतील ही भीती, नवे बूट मिळतील ही आशा. मी कोणाला दोष देत नाही. मीही वाकलो होतो.

सुफियानच्या वडिलांचा कुवेतहून फोन आला. "सर, एका स्पर्धेचाच तर प्रश्न हाय. नाव तर त्याचंच राहील ना?"

"हो," मी म्हणालो. "नावच राहील."

स्पर्धेच्या दिवशी मी पोरांचे फोटो आणि दोन वर्षांचं हजेरीपत्रक घेऊन टेबलाशी गेलो. स्पर्धेचे प्रमुख म्हणून बसले होते तेच रेफरी. केस पांढरे झालेले, ओठावर वण. त्यांनी मला ओळखलं.

"काय रे, तूच ना तो, मला मारणारा?" ते हसत म्हणाले.

"मी तो नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

हसू गेलं. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. तिथे पंधरा वर्षांखालची आठ माणसं मिशा घेऊन धावत होती.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. आणि कोरा कागद पुढे सरकवून, "लेखी द्या."

मी लेखी दिलं. त्यांनी तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला. शिट्टी वाजली.

मी पोरांकडे गेलो. ती त्याच पायऱ्यांवर बसली होती. शौचालय नवं झालंय, पायऱ्या त्याच आहेत. मी मध्ये बसलो. दहाव्या मिनिटाला गोल झाला आणि भोंग्यावर सुफियानचं नाव घेतलं.

"ऊठ," मी म्हणालो.

"कशाला सर?"

"तुझं नाव घेतलं."

तो उठला. खाली मान घालून उभा राहिला. आजूबाजूची माणसं हसली. "बस की रे मेल्या, दिसत नाय!" कोणीतरी ओरडलं. तो बसला. पुढचं नाव दुसऱ्या पोराचं. तो आपण होऊन उठला. मग तिसरा. दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा सुफियान मान वर करून उठला. आता माणसं भोंग्यावर नाव आलं की मैदान सोडून पायऱ्यांकडे वळून बघू लागली. कोणी हसेना. स्टेजवरून एक जण धावत भोंग्याकडे गेला. त्यानंतर कोणाचं नाव घेतलं नाही. सात नंबर. अकरा नंबर. चार नंबर.

क्लब जिंकला. माझा अर्ज विचाराधीन आहे. आठ पोरांना शिस्तभंगासाठी काढलं, मलाही. फलक आहे तिथेच आहे.

सोमवारी आईला फॅक्टरीच्या दारातूनच परत पाठवलं. ती डबा तसाच घेऊन घरी आली. दुपारी आम्ही दोघांनी तो उघडला.

"वाकलास?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग जेव."

आता ती घरीच असते. बोटांवर रेषा काही परत येत नाहीत.

आठांपैकी पाच पोरं सकाळी सड्यावर येतात. सुफियान येत नाही. त्याच्या वडिलांनी त्याला मुंबईला मामाकडे पाठवलंय, मोबाईल दुरुस्ती शिकायला. जे येतात त्यांना कोणी स्पर्धेत घेणार नाही. त्यांतला एकही मोठा खेळाडू होईल असं मला वाटत नाही. मी त्यांना तसं सांगितलंय.

माझ्या बंदीचा कागद मी अजून ठेवलाय. नवं पोर आलं की चेंडू द्यायच्या आधी मी तो कागद त्याच्या हातात देतो आणि मोठ्यानं वाचायला लावतो. माझं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा, शिक्षा. वाचून झालं की त्याला त्याचं स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायला लावतो. पुटपुटलं तर पुन्हा. मगच चेंडू.

पुढच्या वर्षी पुन्हा स्पर्धा आहे. पुन्हा कोणीतरी नावं मागायला घरोघर फिरेल. मी त्याच्या आधी प्रत्येक घरी जाऊन आलेला असेन. आणि तरीही कोणी दिलीच, तर त्या पायऱ्यांवर मी पोरांना घेऊन बसलेला असेन. नाव घेतलं की आम्ही उठणार.