मामाकडे पोचलेल्या तिसऱ्या

ओहोटी लागली की आई खाडीत उतरायची. चिखलात वाकून बोटांनी तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, चाचपायच्या, पाटी भरली की धुऊन मांडवीकडच्या घरांतून विकायच्या. यावरच आम्ही भावंडं वाढलो. विकायला निघण्याआधी एक वाटा मात्र बाजूला पडायचा, मामाचा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. खाडीच्या वरच्या अंगाला रसायनांचा कारखाना आला, तेव्हा आमच्या नात्यातला तो पहिला तिथे चिकटला. आईला त्याचा केवढा अभिमान! ओलं खोबरं घालून ती तिसऱ्यांचं सुकं करायची आणि डबा माझ्या हाती द्यायची. पुढच्या भेटीत मामा म्हणायचा, "अक्का, झकास झालेलं गो. मीठ तेवढं जरा कमी."

मी शाळेत शिकवायला लागले त्या सुमारास आईच्या पोटऱ्यांवर फोड यायला लागले. एक वाळला की दुसरा. पाण्याला अधूनमधून उग्र वास यायचा, कडेला पिवळट फेस साचायचा. मामाला विचारलं तर म्हणाला, "पाणी शुद्ध करूनच सोडतात गो. ही चिखलाची ॲलर्जी." वर मलमाची ट्यूब आणून दिली. भावाने दिलेली म्हणून आईने ती शेवटपर्यंत पिळून वापरली.

मग तिची पावलं बधिर झाली. एकदा वाटेत चप्पल निसटली आणि ती तशीच घरापर्यंत आली. तळव्यात काच घुसलेली, तिला पत्ता नाही.

रत्नागिरीतल्या डॉक्टरांनी पाय बघून आधी विचारलं, "या कुठल्या पाण्यात उभ्या असतात?" कशामुळे झालं हे छातीठोक सांगता येणार नाही, म्हणाले, पण खाडीत उतरायचं नाही आणि तिथलं काही खायचं नाही.

मला पहिली आठवण मामाच्या घरची झाली. आमच्या डब्यांनी त्यांनाही काही झालं असेल तर? मी तशीच तिकडे धावले. मामी ओट्याशी होती.

"मामी, आमच्याकडच्या तिसऱ्या आता खाऊ नका."

"आम्ही कुठे खातो गो?" ती सहज बोलून गेली आणि थबकली.

"मग डब्याचं काय करता?"

ती हातातलं भांडं पुसायला लागली. "परसात खड्ड्यात टाकते. कारखान्यात लागले तेव्हाच ह्यांनी बजावलंय, खाडीचं काही घरात शिजवायचं नाही म्हणून."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं.  संध्याकाळी ती लंगडत निघाली, मी मागोमाग. मामा नुकताच कामावरून आला होता.

"तुला माहीत होतं?" आईने दारातच विचारलं.

"बोललो असतो तर नोकरी गेली असती, अक्का."

"गावात ओरडून सांग म्हणत्ये काय मी? मला एकटीला सांगायचंस. पोरांच्या पानात वाढलं रे मी ते."

मामा पायातले बूट काढायला वाकला.

"आणि मीठ कमी हे तुला कसं कळायचं?"

 

पुढे आम्ही गावातल्या बायकांनी मिळून सरकारी कचेरीत कारखान्याची तक्रार केली. साहेब लोक पाण्याच्या बाटल्या भरून घ्यायला आले, त्या दिवशी खाडी एकदम नितळ. कारखान्याच्या माणसांत मामाही उभा होता. त्याने आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाणी ठीक असल्याचं कळवण्यात आलं.

आईने खाडी सोडली. फोड गेले, काळे डाग राहिले. पावलांना जाण अजून नाही. मामा आता निवृत्त झालाय. गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाला आई गेली, अक्षता टाकल्या, पोरीच्या गालावरून हात फिरवला. मामा पुढे येऊन म्हणाला, "अक्का, आतल्या खोलीत बस, पंखा आहे."

"इथे बरी आहे," असं म्हणून ती मांडवात परक्या बायकांत जाऊन बसली.