साळवीची डावी बाजू

मॅच सुरू व्हायच्या आधी साळवी एकेकाच्या जवळ जायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "भीती वाटते का?" हो म्हणणाऱ्याच्या पाठीवर थाप पडायची. नाही म्हणणाऱ्याकडे तो असा काही बघायचा, की त्या बिचाऱ्याला जागच्या जागी भीती वाटायला लागायची. एकदा आमच्या सेंटर फॉरवर्डने छाती फुगवून सांगितलं, "आपण कोणाच्या बापाला घाबरत नाही." साळवी तडक कॅप्टनकडे गेला. "याला आज बसवा," म्हणाला. "ज्याला भीती नाही तो नेहमी उशिरा पोचतो." कॅप्टनने ऐकलं नाही. पहिल्या हाफमध्येच तो शूर गडी नको तिथे पाय घालून लंगडत बाहेर आला.

मला साळवी कधी विचारत नसे. मी गोलकीपर, आणि जातीचा भित्रा. रावपुऱ्यातल्या आमच्या घरात सगळे संस्थानच्या काळापासून कारकून; अंगावर धावून येणाऱ्या माणसाकडे तोंड करून उभं राहणारा मी पहिलाच. बॉल सेंटर लाइनपाशी असला तरी मी गोलपोस्ट धरून उभा असायचो. साळवीला ते दिसायचं. "आपण दोघं आहोत ना घाबरायला," तो म्हणायचा, "मग बाकीचे खेळतील निवांत."

गुजरात वेगळं होऊन फार वर्षं झाली नव्हती. सुभानपुऱ्याच्या पलीकडे नवे कारखाने उभे राहत होते, आणि आमच्या कंपनीच्या साहेबांना फुटबॉलचं वेड होतं. चांगला खेळाडू दिसला की त्याला टेंपररी म्हणून घ्यायचे आणि सीझन नीट गेला की पर्मनंट करायचे. मी आधीपासून ऑफिसात होतो. साळवी आला तो यार्ड क्लबमधून, आणि यार्ड क्लब म्हणजे आमचा दुष्मन नंबर एक. रेल्वेच्या मालधक्क्याजवळच्या वस्तीतली ती टीम. दरवर्षी लीगचा कप एक तर त्यांच्याकडे जायचा, नाही तर आमच्याकडे. साळवी वर्षानुवर्षं त्यांचा राइट बॅक होता. तो आमच्याकडे आला त्या आठवड्यात त्याच्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा गेली आणि सीटवर कोणीतरी शेण लावून ठेवलं. तेव्हापासून तो मालधक्क्याचा रस्ता टाळून लांबून यायचा.

"कशाला सोडलंस मग?" मी विचारलं. त्याने आधी आजूबाजूला बघून घेतलं. मान पूर्ण फिरवून बघायची त्याची सवय होती, मला वाटायचं भित्रेपणामुळे असेल. "धक्क्यावर मी रोजंदारीवर, गोली," तो म्हणाला. मला तो गोलीच म्हणायचा. "पर्मनंट व्हायचं तर डोळे तपासतात. माझा डावा डोळा गेलेला आहे. लहानपणी विटी लागली."

मी वाकून त्याचा डोळा बघितला. बाहेरून डोळा अगदी धडधाकट दिसायचा. "मग आपल्या कंपनीत कसा पास झालास?"

"डॉक्टर म्हणाले एक डोळा झाका, मी डावा झाकला. म्हणाले आता दुसरा झाका, मी हात बदलला आणि परत डावाच झाकला. ते घाईत होते." मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "हे घरीसुद्धा माहीत नाही. तुला सांगतोय, कारण मला डाव्या बाजूचं कोणीतरी ओरडून सांगणारा लागतो. यार्डात रमण सांगायचा. आता तू."

रमणभाई यार्डचा सेंटर हाफ. त्या वस्तीत मराठी माणसांमध्येच वाढलेला, त्यामुळे मराठी फर्डं बोलायचा, पण मैदानात तोंडातून गुजराती निघायचं. साळवीच्या डाव्या हाताला उभा राहून तो अख्खी मॅच ओरडत असायचा, "डाबे, वसंत, डाबे!" डावीकडे, वसंता, डावीकडे. पाहणाऱ्यांना वाटायचं, रमणभाई तोंडाळ आहे. खरं काय ते या दोघांनाच ठाऊक होतं, आणि रमणभाईने ते कोणाला कळू दिलं नाही.

झालं! त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पूर्वी मला फक्त बॉलची भीती होती, आता साळवीचीही. तो स्टोअरमध्ये खोकी उचलताना दिसला की मी डावीकडे काही पडलंय का ते बघायचो. मैदानावर ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. कोणी साहेब सहज जरी म्हणाले, "साळवी मान फारच फिरवतो," तरी मी घाईघाईने विषय बदलायचो. साळवी मात्र मजेत सांगायचा, "भीतीची सवय होते रे. मला तर ती नसली की चुकल्यासारखं होतं." पण साहेबांच्या ऑफिसातून बोलावणं आलं की त्याचे ओठ पांढरे पडायचे. घरात दोन मुली, रावपुऱ्यात भाड्याची एक खोली. सीझन संपला की तो पर्मनंट होणार होता. मधे डोळ्याचं बिंग फुटलं तर घरी बसणार होता.

सीझनची शेवटची मॅच यार्डशी आली. त्यांना कप हवा तर जिंकायलाच हवं होतं. आम्हाला बरोबरी पुरणार होती. आदल्या संध्याकाळी आम्ही फतेगंजात चहा पीत उभे होतो. मला राहवेना. "साळवी, रमणभाईने त्यांच्या फॉरवर्डांना सांगितलं असलं तर?"

"सांगायलाच पाहिजे," तो म्हणाला. "त्याची टीम आहे ती."

"तू असतास तर सांगितलं असतंस?"

त्याने बराच वेळ बशीतला चहा फुंकला. "मला त्याचीच भीती वाटते, गोली. मला माहीत नाही."

पोलो ग्राउंडवर माणसांचा समुद्र. मालधक्क्याची सगळी वस्ती आली होती, आणि साळवीच्या पायात बॉल आला की एकच आरडाओरडा व्हायचा, "गद्दार! गद्दार!" त्यांचा पहिला हल्ला त्याच्या डाव्या अंगाने आला. दुसराही. संपलं, मी मनात म्हटलं, यांना सगळं माहीत आहे. घसा फाटेस्तोवर ओरडत राहिलो. मग एक हल्ला उजवीकडून आला, आणि आपल्यावर गोल होऊ शकतो याचा त्या दिवशी मला चक्क आनंद झाला. नाही सांगितलं रमणभाईने! पण खात्री कशी धरायची?

शेवटाला शेवटाला त्यांना कॉर्नर मिळाला. सगळे पुढे आले, रमणभाईसुद्धा येऊन बॉक्सच्या कडेला उभा राहिला. कोणीतरी हेड मारला, बॉल थेट माझ्या छातीवर आदळला आणि मी उताणा पडलो. श्वासच येईना. पडल्या पडल्या मला सगळं दिसत होतं. बॉल घरंगळत साळवीच्या डावीकडे गेला होता, साळवी उजवीकडे बघत तो शोधत होता, आणि डाव्या अंगाने त्यांचा विंगर सुसाट येत होता. मी तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा उघडलं. नाही.

"डाबे, वसंत, डाबे!"

साळवी गर्रकन वळला आणि विंगरच्या बुटाखालून त्याने बॉल पार रस्त्याकडे उडवला. साळवीने मागे बघितलं. मीही मान उचलून बघितलं. रमणभाई बॉक्सच्या कडेला उभा होता, हात अजून डावीकडे दाखवत. मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने तो हात हळूच खाली घेतला.

मॅच बरोबरीत सुटली, कप आमचा झाला. पण आम्हाला नाचायला कोणी मोकळं सोडलं नाही. वस्तीतली माणसं मैदानात घुसली ती थेट रमणभाईवर. "वेचाई गयो!" विकला गेला! कोणी त्याची जर्सी ओढत होतं, कोणी विचारत होतं, "कंपनीने नोकरी कबूल केली का रे?" एक दगड आला तो त्याच्या कानाजवळून गेला. रमणभाई एक अक्षर बोलला नाही. का ओरडलो ते सांगितलं असतं तर त्याची तिथल्या तिथे सुटका होती. पोलिसांनी त्याला कसंबसं बाहेर काढलं. यार्डच्या लोकांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा ठेवली, त्याला क्लबातून काढायची. नुसतं क्लबातून नव्हे हो. त्या वस्तीत त्याचं घर होतं, म्हातारी आई होती, धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं. विकला गेलेल्याच्या घरी कोण सोयरीक करणार?

साळवीला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. सीझन संपला होता, पर्मनंटची ऑर्डर कधीही हातात पडली असती.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "गोली, सायकल काढ. मला एकट्याला जायची छाती नाही." कुठे, ते विचारावं लागलं नाही. सगळ्या वाटेने मी त्याला शिव्या घातल्या. "डोकं फिरलंय का तुझं? पोरींना काय घालणार खायला? रमणभाई गप्प बसलाय ना, मग तू कोण मोठा लागून गेलास?" तो नुसता "हो, हो" करत होता. मधे एकदा उतरून रस्त्याच्या कडेला ओकला. तोंड धुऊन परत सायकलवर बसला आणि म्हणाला, "बोलत राहा रे. शिव्या दे, पण बोलत राहा."

सभा धक्क्यामागच्या मोकळ्या जागेत होती. साळवीला बघून माणसं उठूनच उभी राहिली. मला वाटलं, आता इथून आपली हाडं गोळा करून नेतील. एका पहिलवानासारख्या माणसाने त्याची कॉलर धरली. कॉलर तशी धरलेली असतानाच साळवी बोलला. आवाज असा कापत होता की पहिली दोन वाक्यं कोणाला कळलीच नाहीत. मग त्याने तळहाताने उजवा डोळा झाकला. "आता मला तुम्ही कोणीच दिसत नाही," तो म्हणाला. "यार्डात होतो तेव्हाही असाच होतो. रमण ओरडायचा, म्हणून खेळलो. काल तो कंपनीसाठी नाही ओरडला. सवयीने ओरडला." पहिलवानाने त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यासमोर खस्सकन मूठ आणली. साळवीची पापणीही लवली नाही. कॉलर सुटली. रमणभाई पलीकडे खाली मान घालून बसला होता. तो उठला आणि आमच्याकडे न बघता चालता झाला.

बातमी आमच्या आधी कंपनीत पोचली. साहेब माणूस वाईट नव्हता. "साळवी, मला कळलं नसतं तर बरं झालं असतं," म्हणाला, "पण आता कळलंय, त्याला मी काय करू?" टेंपररी नोकरी वाढवली नाही. घरी वहिनींना सांगायला त्याने मलाच नेलं. वहिनी ऐकून म्हणाल्या, "मी नेहमी यांच्या डाव्या हाताला बसते. मला वाटायचं, मी आवडत नाही, म्हणून बघत नाहीत." आणि त्या रडायला लागल्या. साळवी त्यांच्यापुढे पकडलेल्या चोरासारखा उभा होता.

पुढे त्याने मेहुण्याच्या मदतीने रावपुऱ्यात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते बेताचंच चाललं, पण मुली शिकल्या. परवा परवा तो गेला. जाईपर्यंत घाबरतच होता. डॉक्टरला, मुलींच्या परीक्षांना, रस्त्यावरच्या स्कूटरना. त्याच्याइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याइतका मला कोणी आवडलाही नाही.

पण साळवी म्हटलं की मला नोकरी सुटली त्या संध्याकाळची त्याची खोली आठवते. वहिनींनी आमच्यापुढे चहा ठेवला होता आणि कोणीच तो उचलत नव्हतं. इतक्यात रमणभाई धाडकन आत आला. चपलासुद्धा काढल्या नाहीत. असा संतापलेला माणूस मी बघितला नव्हता; मला वाटलं, हा आता मारतो साळवीला.

"तुला कोणी सांगितलं होतं रे बोलायला?" तो ओरडला. "लोक आज बोलले असते, उद्या विसरले असते. मी सहन केलं असतं! तुझी नोकरी आता कोण परत आणून देणार? दोन पोरी आहेत तुला, वसंत! बोलायच्या आधी जरा विचार नाही करायचा?"

साळवी खाली बघत होता. "तू मैदानात केला होतास का विचार?"

"अरे, ते तोंडातून निघालं!"

"माझ्याही," साळवी म्हणाला.

रमणभाईने दारात जाऊन चपला काढल्या आणि साळवीच्या डाव्या हाताला येऊन बसला.