भेव पाहिजे, जवाईबापू

पाना बोल्टवर बसवला की आमच्या समोरचा शेजारी तो लगेच फिरवत नसे. दोन्ही हात काढून घ्यायचा, तळवे सदऱ्याला पुसायचा, अनोळखी कुत्र्याकडं पाहावं तसा त्या बोल्टकडं पाहायचा आणि म्हणायचा, “भेव पाहिजे, जवाईबापू. भेव पाहिजे.”

भेव म्हणजे भीती. आमच्याकडं असंच म्हणतात. लोक देवाजवळ धीर मागतात, हा माणूस भेव मागायचा. तुमच्याही गल्लीत असा एखादा भित्रा असेल. तुम्हीही त्याला हसला असाल. आम्ही तर पोटभर हसलो.

मी काही त्याचा खरा जवाई नव्हतो. माझ्या बायकोचं माहेर रामपायली, तोही रामपायलीचा. तो बौद्ध, आम्ही कुणबी. पण एका गावचे म्हणून ती त्याची बहीण, आणि मी म्हणजे साऱ्या गावाचा जवाई. बालाघाट शहरात आमची घरं समोरासमोर. वयानं तो माझ्याएवढाच, तरी मला अहोजाहो करायचा. मी त्याला भाऊ म्हणायचो. त्याचं नाव इथं लिहीत नाही. जिवंत असता तर कागदावर आपलं नाव पाहून तेवढ्यानंही घाबरला असता.

ऑटोत बसायच्या आधी तो चाकाचे नट हातानं चाचपायचा. एकदा स्टेशनजवळ ऑटोवाला पोरगा वैतागला. म्हणाला, “काकाजी, बैठना है तो बैठो, नहीं तो चक्का खोल के घर ले जाओ।”

“बेटा, एक ढीला लग रहा है।”

“नट ढीला नहीं है काकाजी, आपका हाथ काँप रहा है।”

पोरगा हसला, तोही हसला. मग त्यानं सगळे नट पुन्हा एकदा चाचपले आणि पायी निघून आला.

रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी तो सायकलवरून उतरायचा आणि गेटमनला विचारायचा, “नक्की नाही ना येत?” चहा आधी बशीत थोडा ओतून पाहायचा, मग पुन्हा कपात. माझी बायको त्याची फार खेचायची. “दादा, तुमचं लगन कसं झालं? मांडवात भेव नाही लागलं?”

“लागलं ना बाई. अजून लागते.”

त्याची बायको मागंच सूप घेऊन उभी होती. ती म्हणाली, “लागलंच पाह्यजे.”

आणखी एक खोड होती त्याची. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की सगळे घरी जायचे, हा मागं राहायचा. विझलेल्या मेणबत्त्यांची उरलेली थोटकं नखानं खरवडून डब्यात भरायचा. लोक म्हणायचे कंजूस आहे. मलाही तसंच वाटायचं. “एवढं मेण काय करता भाऊ?” असं विचारलं तर म्हणायचा, “असू द्या जी. गंजलेल्याले लागते.”

मी चौथी शिकलो आणि राईस मिलमध्ये पोती वाहिली. पोतं जड असलं की मला एकच गोष्ट ठाऊक, जोर. डब्याचं झाकण अडलं, जोर. कडी अडली, जोर. बायको काचेची बरणी माझ्या हातात देत नसे. भेव काय असते ते मला माहीत नव्हतं. ते कळायला तिचं फुप्फुस बिघडावं लागलं.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तिच्यासोबत ऑक्सिजनचं मशीन आलं. विजेवर चालायचं. नाकात नळी, आणि दिवसरात्र खोलीत त्याची घरघर. सुरुवातीला त्या आवाजाचा मला त्रास व्हायचा. नंतर आवाज थांबला की मी झोपेतून उठून बसायचो. लाईट गेली तर काय, म्हणून एका मांडववाल्याकडून त्याचा जुना डिझेलचा जनरेटर आणून अंगणात ठेवला. शिवाय ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर होता, अडीनडीला.

उन्हाळ्यात वादळ आलं. झाडं पडली, तारा तुटल्या, पहाटेच लाईट गेली. जनरेटर चालू केला. दुपारपर्यंत चालला आणि खोकून बंद पडला. टाकीतलं डिझेल संपलं होतं. डिझेल ओतलं तरी इंजिन उठेना. शेतात इंजिन चालवणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल, इंजिनानं हवा धरली. नळीत हवा शिरली की डिझेल पुढं जात नाही. फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा बोल्ट असतो, तो ढिला करून हवा काढावी लागते. काम एवढंच.

पण आधीच्या मालकानं तो बोल्ट पकडीनं ओढून ओढून पार गोल केला होता. वाटाण्यासारखा. वरून गंज. बाकीचे जोड त्यानं कसला तरी लेप लावून बुजवलेले, म्हणजे हवा काढायला दुसरी वाट नाही. पाना बसवला की घसरायचा.

बायकोला सिलिंडर लावला. त्याच्यावर घड्याळासारखी तबकडी असते, तिचा काटा लाल रंगाकडं सरकत होता. दवाखान्याच्या गाडीला फोन केला. रस्त्यात झाडं पडली आहेत, वेळ लागेल म्हणाले. मिस्त्री किरनापूरला लग्नाला गेलेला. मी छिन्नी आणि घण काढला.

“थांबा जी! तुटन तो!”

तो समोरच्या दारातून ओरडला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

“मंग तुम्ही काढा,” मी म्हणालो.

“माह्याच्यानं नाही होत. मिस्त्रीले बोलवा.”

“मिस्त्री असता त मी घण कायले धरला असता?”

“मले नका सांगू जवाईबापू. माह्या हातानं तुटला त?”

आतून बायकोचा आवाज आला. एकेका शब्दाला दम घेत होती. “दादा, तुम्हीच करा. ह्यायच्या हाताचं भेव लागते मले.”

तो वळला आणि आपल्या घरात गेला. मला वाटलं, पळाला. मनात एक घाण शिवी आली. तेवढ्यात तो परत आला. एका हातात पाने आणि तारेचा ब्रश, दुसऱ्या हातात मेणबत्त्यांच्या थोटकांचा डबा.

आधी डिझेलचा डबा लांब नेऊन ठेवायला लावला. इंजिनावर सांडलेलं डिझेल पुसायला लावलं. ओलं पोतं आणि घमेलंभर रेती जवळ. मग अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवून तिच्यात लोखंडी सळई तापत ठेवायला सांगितली. तोवर त्यानं बोल्टचा गंज ब्रशनं काढला आणि हातोडीनं हळूहळू ठोकत राहिला. दार वाजवावं तसं.

“ठोकता काय नुसतं?” मी खेकसलो.

“सांगा लागते त्याले, आम्ही आलो म्हणून.”

सळईचं टोक लाल झालं. ते त्यानं बोल्टच्या डोक्यावर टेकवून धरलं. बराच वेळ. मग सळई बाजूला केली आणि बोल्टच्या बुडाला मेणाचं थोटूक लावलं. मेण वितळलं, पण खाली ओघळलं नाही. आत गेलं. तहानलेल्या माणसानं प्यावं तसं तो बोल्ट मेण प्यायला.

“आता?”

“थंडा होऊ द्या.”

थंडा होऊ द्या! मी आत पळालो. ती खाटेची कड धरून बसली होती, आडवी होतच नव्हती. ओठ काळपट दिसत होते. मी काट्याकडं पाहिलं. ती म्हणाली, “काट्याकडं काय पाह्यता? माह्याकडं पाहा.”

पाहिलं. मग मला तिथं थांबवेना, पुन्हा बाहेर आलो. तो इंजिनाजवळ उकिडवा बसला होता.

“खाणीत मी पंपावर होतो,” तो बोल्टकडं पाहतच म्हणाला. “खाली माणसं, वर मी. पंप बंद पडला का पाणी चढते. आख्खी नोकरी तेच केलं.”

“कधी चढलं?”

“नाही. एकदाही नाही.”

“मंग एवढं भेव कायचं?”

“म्हणून त नाही चढलं.”

शेजारी राहून इतकी वर्षं झाली, आणि ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. जो माणूस ऑटोचे नट चाचपायचा म्हणून आम्ही हसलो, त्याच्या भरवशावर जमिनीच्या पोटात माणसं काम करत होती.

त्यानं एक नंबर लहान रिंगपाना हातोडीनं ठोकून त्या गोल डोक्यावर घट्ट बसवला. हात काढून घेतले. तळवे सदऱ्याला पुसले. या वेळी भेव पाहिजे म्हणाला नाही. गरज नव्हती, दोघांकडंही भरपूर होतं.

“आधी थोडंसं कसायचं,” तो म्हणाला. “एकदम उलटं गेलं का चिडते. तुम्ही पान्याले हात नका लावू, माह्या मनगटाले धरा. मी जास्त जोर लावला त मांगं ओढा.”

मी त्याचं मनगट धरलं. काडीसारखं मनगट, आणि आत नाडी अशी पळत होती की चिमणी मुठीत धरल्यासारखं वाटलं. त्यानं कसलं. मग उलटं फिरवलं. काही नाही. पुन्हा सळई, पुन्हा मेण, पुन्हा थांबणं. आत बायको खोकली. मला त्याचा हात झटकून घण उचलावासा वाटत होता, आणि मी त्याला मागं ओढायला धरून बसलो होतो. असं काम मी जन्मात केलं नव्हतं.

कट्ट.

आवाज आला आणि पाना सरकला. त्यानं डोळे मिटून घेतले. बोल्ट तुटतो तेव्हाही असाच आवाज होतो, हे मलाही ठाऊक होतं.

“पाहा जी तुम्ही,” तो म्हणाला. “मले पाहवत नाही.”

मी वाकून पाहिलं. बोल्टचं डोकं जागेवर होतं. त्याच्याखाली गंजाची एक बारीक तांबडी रेघ फुटली होती. तुटला नव्हता. हलला होता.

मग तो दमादमानं फिरवत गेला. थोडा पुढं, थोडा मागं. आतून फेस आला, फसफस करत हवा निघाली, मग फेस सरला आणि चोख डिझेल वाहू लागलं. बोल्ट कसला. मी हँडल मारलं. इथं माझा जोर कामी आला. इंजिन धडधडलं, आत मशीनची घरघर सुरू झाली. थोड्या वेळानं ती आडवी झाली.

तो तिथंच मातीत पाय पसरून बसला होता. पाणी मागितलं. गिलास भरून मीच पाजलं.

दुसऱ्या दिवशी लाईट आल्यावर तो नवा बोल्ट घेऊन आला. जुना काढला, नव्याच्या आट्यांना मेण चोळलं, दाढीनंतर तुरटी फिरवावी तसं, हळू. मग बोटांनीच फिरवत बसवला आणि शेवटी पान्यानं जरासा कसला.

“चाललं ना कालच्यानं. मंग बदलता काहून?”

“पुढं ज्याले खोलायचा आहे, त्याले भेव नको लागाले.”

मी हसलो. “तुम्हीच त म्हणता, भेव पाहिजे.”

“मले पाहिजे जी,” तो म्हणाला. “त्याले काहून?”

त्यानंतर एक पावसाळा आणि एक दिवाळी तिनं काढली. गेली त्या दिवशी लाईट होती. मशीन चालू होतं. इंजिनाला हात लावायचं काम पडलं नाही, आणि पडलं असतं तरी उपयोग नव्हता. वैनगंगेवर तो आला, पाण्यापासून जेवढं लांब उभं राहता येतं तेवढं लांब राहिला. मी अग्नी देऊन मागं आलो तेव्हा त्यानं माझं मनगट धरलं. मी त्याचं धरलं होतं तसंच.

त्याच थंडीत तो गेला. सकाळी अंगणात खाटेवर उन्हात बसला होता. त्याच्या बायकोला वाटलं, डोळा लागला. लोक म्हणाले, मरण चांगलं आलं. शेवटी घाबरला होता का, हे मला विचारायचं होतं. पण कुणाला विचारू?

त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम विहारात होता. संध्याकाळी माणसं जमली आणि लाईट गेली. वस्तीतली दोघं-तिघं माझ्याकडं आली. “बाबा, तुमचा जनरेटर मिळन का? भंतेजींचा माइक बंद झाला.”

ती गेल्यापासून तो ताडपत्रीखालीच होता. ढकलत विहाराच्या दारात नेला. डिझेल ओतलं, हँडल मारलं. उठला नाही. टाकी कोरडी पडलेली, हवा धरलेली. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी त्या बोल्टकडं पाहत होतो. पावसाळाभर ओल खाल्लेला बोल्ट. माझे हे हात. आणि आज मागं ओढायला कुणी नाही.

पाना बसवला. दोन्ही हात काढून घेतले. तळवे सदऱ्याला पुसले. भेव लागलं होतं, खोटं कशाला सांगू.

पाना जरासा फिरवला. बोल्ट फिरला. मला वाटलं, पाना घसरला. पाना काढून ठेवला आणि बोटं लावून पाहिलं. दोन बोटांनी फिरत होता, डब्याच्या झाकणासारखा. आट्यांवरचं मेण माझ्या बोटांना लागलं.

हवा निघाली. इंजिन उठलं. विहारात उजेड झाला तशी समोरची माणसं उजेडासाठी लावलेल्या मेणबत्त्या विझवू लागली. मी आत जाऊन त्याच्या बायकोजवळ एक थोटूक मागितलं. तिनं विझलेल्यांतलं एक नखानं खरवडून दिलं.

कार्यक्रम संपला, लाईट आली, इंजिन बंद केलं. मग मी तो बोल्ट पूर्ण काढला, पुसला, आट्यांना मेण चोळलं आणि बोटांनीच परत बसवला.