घारी आणि कडता

मी कापसाच्या जिनवाल्यांचा माणूस होतो. कागदोपत्री कारकून, खरं काम आमच्या भागातल्या मेंबरांना मुंबईच्या कायदेमंडळात पोचवून आणणं. नंदुरबारला गाडीत बसायचं, नवापूरपर्यंत पीकपाण्याचं बोलायचं, सुरतेला गाडी बदलताना तुपानं थबथबलेली घारी त्यांच्या हातात द्यायची, आणि ती अर्धी संपली की कायदा समजावायचा. मेंबर कळसाडीकडचे शेतकरी. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. मसुदे इंग्रजीत छापून येत आणि आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. माझ्या तोंडून निघेल तोच त्यांचा कायदा.

एकदा कडता बंद करण्याचा कायदा आला. माल तोलताना धुळीच्या, ओलाव्याच्या नावाखाली व्यापारी आणि आमचे जिनवाले थोडा कापूस फुकट कापून घेत, तो कडता. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणालो, "सदर कलमाने शेतकऱ्याच्या विक्रीस्वातंत्र्यास बाधा येते." आप्पांनी बोटं चाटली, मान डोलावली आणि सभागृहात गप्प बसले. कायदा लांबणीवर पडला. मालक माझ्यावर खूश, मी स्वतःवर त्याहून खूश.

घरी आप्पांच्या बायकोनं विचारलं, कडत्याचं काय झालं? आप्पांनी माझंच वाक्य म्हणून दाखवलं.

"हाई आम्हना बोलीमा सांगा," ती म्हणाली.

त्यांना जमेना. मग मला बोलावणं आलं. सत्कार असणार, अशा समजुतीनं मी कोट चढवून गेलो. पारावर अर्धं गाव बसलेलं. वाक्य तेच होतं, पण अहिराणीत आणायला गेलो तर त्याच्या अंगावर कापडच राहीना.

"ते... कडता ऱ्हाई ते... तुम्हनं भलं शे."

"भाऊ," आप्पांची बायको म्हणाली, "कापूस आम्हना, तराजू तुम्हना, कडता बी तुम्हना. आम्हनं भलं कोनता पारडामा शे, तेवढं दखाडी दे."

पार असा हसला की झाडावरचे बगळे उडाले. कोटात मला घाम फुटला.

त्या दिवसापासून आप्पांनी नेम केला. ज्याला त्यांच्या कानाशी लागायचं असेल, त्यानं पारावर, सगळ्यांदेखत, गावाच्या बोलीत सांगायचं. दारूच्या ठेकेदाराचा माणूस आला, पार भरलेला पाहिला आणि टांग्यातून न उतरताच परत गेला.

कायदा पुन्हा आला. आप्पांनी मला सोबत घेतलं, याचंच मला नवल. सुरतेला मी सवयीनं घारी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली, आपलं फडकं सोडलं आणि भाकरीचा अर्धा तुकडा ठेच्यासकट माझ्या हातावर ठेवला.

"आज तू मन्हं खाय. मंग देखू, कोनाबाजूनं बोलस ते."

मी खाल्लं. मग ते कलम जसं होतं तसं, अडखळत, अहिराणीत सांगितलं. शेवटी पुटपुटलो, "मागच्या वेळी माझा समज चुकला होता, आप्पा."

"चुकना नही तू," ते ठेचा पुसून घेत म्हणाले. "खाय, अजून भाकर शे."

या वेळी ते सभागृहात बोलले, कडत्याच्या विरुद्ध. मालकांना मी परतल्यावर सांगितलं, मेंबरांना हल्ली घारी बाधते.

आप्पांनी ओळखलं होतं ते आता मीच लिहितो: माझा समज चुकला नव्हता. ते कलम मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.