पडद्यावरचा वाघ
मोहफुलांचा वास आला की सिंदेवाहीजवळच्या शाळेतली एक दुपार आठवते. मी वर्गाला कार्टूनचा सिनेमा दाखवत होते. शेवटी नायकाने माणसं खाणाऱ्या वाघाला लोळवलं आणि तलवार उगारली. सगळी मुलं ओरडली, "मार! मार!" दारात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बाई उभ्या होत्या. मोहफुलं वेचायला गेलेल्या त्यांच्या नवऱ्याला आदल्या वर्षीच वाघाने मारलं होतं. मी घाबरून सिनेमा बंद करायला उठले, तर बाईच म्हणाल्या, "काऊन मारता त्याले? पडला नं तो आता." नायकानेही तलवार खाली टाकली. मुलं हिरमुसली, बाई शांतपणे खिचडी वाढायला गेल्या. मला मात्र त्यांच्यासाठी तो वाघ मरायला हवा होता. त्याची लाज वाटावी की नाही, हे मला अजूनही कळत नाही.